नियंत्रक झडपेची परिभाषा : एक परीक्षण

शास्त्रीय परिभाषेसंबंधी मराठीत आजवर जी चर्चा झाली ती बहुतांशी प्रतिशब्दांच्या योग्यायोग्यतेभोवती फिरलेली दिसते. इंग्रजी संज्ञेसाठी संस्कृत धातूवरून शब्द घडवावा की रूढ शब्द तसाच ठेवावा, हा त्या चर्चेतला नेहमीचा प्रश्न. १९६० मध्ये महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाची स्थापना झाल्यानंतर निरनिराळ्या विद्याशाखांचे परिभाषा कोश तयार झाले. त्या कामाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. तथापि एक प्रश्न या चर्चेत सहसा उपस्थित होत नाही. मूळ इंग्रजी संज्ञाच वस्तुस्थितीचे नीट दर्शन घडवीत नसेल, तिच्या पोटातच दोन भिन्न गोष्टींची गल्लत झालेली असेल, तर प्रतिशब्द कितीही शुद्ध असला तरी त्याने काय साधणार? हा प्रश्न हवेत राहू नये म्हणून येथे एक अगदी मर्यादित क्षेत्र परीक्षणासाठी घेतले आहे. ते म्हणजे कारखान्यांतील नियंत्रक झडपांचे माप ठरविणे आणि त्यांची निवड करणे, विशेषतः जेथे दाब, तापमान वा वेग यांमुळे झडपेवर अतिशय कठीण प्रसंग येतो अशा ठिकाणी.

या विषयाचे वाङ्मय दोन प्रकारचे आहे. एक, उत्पादकांनी लिहिलेली मार्गदर्शक पुस्तके. त्यांत अमेरिकेतील फिशर कंपनीचे ‘कंट्रोल व्हॉल्व्ह हँडबुक’ सर्वांत प्रसिद्ध असून त्याची पहिली आवृत्ती १९६५ मध्ये व चौथी २००५ मध्ये निघाली. दुसरा प्रकार मानकांचा. आंतरराष्ट्रीय विद्युत्‌तंत्र आयोगाचे, म्हणजे आयईसीचे, ६०५३४ क्रमांकाचे मानक हे त्यांतील प्रमुख. त्याच्या एका भागात (आवृत्ती २०११) मापनिश्चितीची समीकरणे आहेत, दुसऱ्या भागांत आवाजाचा अंदाज, गळतीचे वर्ग आणि झडपेच्या माहितीपत्रकाचा नमुना आहे. मराठीतून या विषयावर जे काही शिकविले वा बोलले जाते ते याच दोन झऱ्यांचे पाणी होय.

आरंभ खुद्द ‘झडप’ या शब्दापासून करावयास हवा. झडप म्हणजे मुळात मिटणारे-उघडणारे फळकूट. हृदयाची झडप, भात्याची झडप, पिंजऱ्याची झडप या सर्व प्रयोगांत तिला दोनच अवस्था आहेत, उघडी किंवा मिटलेली. नगरपालिकेचा ‘वॉलमन’ ज्याला ‘वॉल सोडणे’ म्हणतो त्यातही हाच द्वैतभाव आहे. नियंत्रक झडपेचे सारे आयुष्य मात्र या दोन टोकांच्या मध्ये जाते. प्रवाह हवा तेवढाच राखण्यासाठी ती दाबाचा अपव्यय करीत असते. तो अपव्यय हेच तिचे काम. जी वस्तू ऊर्जा वाया घालविण्यासाठीच बसविली आहे तिची निवड करताना ती ऊर्जा कोठे, कोणत्या रूपाने खर्च होणार, हा पहिला प्रश्न असला पाहिजे. प्रत्यक्षात पहिला प्रश्न भलताच विचारला जातो : ‘सीव्ही किती?’

सीव्ही हा प्रवाहगुणांक १९४४ मध्ये मेसोनीलन या अमेरिकन कंपनीने प्रचारात आणला. त्याची व्याख्या सुटसुटीत आहे. ६० अंश फॅरनहाइट तापमानाचे पाणी, झडपेच्या दोन बाजूंस १ पौंड प्रति चौरस इंच इतका दाबफरक असताना, मिनिटाला जितके अमेरिकन गॅलन वाहील तितका त्या झडपेचा सीव्ही. मेट्रिक पद्धतीत हाच विचार ‘केव्ही’ या नावाने येतो; तेथे घनमीटर प्रतितास आणि १ बार ही एकके आहेत, आणि केव्हीला १.१५६ ने गुणले की सीव्ही मिळतो. (विद्युत् केंद्रात ‘केव्ही’ म्हटले की श्रोत्याच्या मनात किलोव्होल्ट उभा राहतो, ही अडचण किरकोळ असली तरी खरी आहे.) या कल्पनेचा मोठा गुण असा, की तिने निरनिराळ्या बनावटीच्या झडपांना एकाच मापाने तोलण्याची सोय केली. त्यापूर्वी झडपेची ओळख केवळ नळीच्या व्यासावरून होत असे.

व्याकरणशास्त्राच्या अभ्यासकाला येथे पाणिनीची आठवण होणे स्वाभाविक आहे. अष्टाध्यायीत दोन जातींच्या संज्ञा आहेत. ‘टि’, ‘घु’, ‘भ’ यांसारख्या कृत्रिम संज्ञांना स्वतःचा काहीही अर्थ नाही, सूत्रकाराने नेमून दिला तेवढाच. ‘सर्वनाम’, ‘अव्यय’ यांसारख्या अन्वर्थ संज्ञा मात्र नावातूनच अर्थाची सूचना देतात. कृत्रिम संज्ञा आधी शिकावी लागते, पण ती फसवीत नाही. अन्वर्थ संज्ञा शिकविल्यावाचून समजते असे वाटते, आणि धोका असतो तो तेथेच. सीव्ही, केव्ही ही कृत्रिम संज्ञांची उदाहरणे होत. त्यांच्याविषयी तक्रार करण्यासारखे फारसे नाही. तक्रार आहे ती त्यांच्याभोवती जमलेल्या अन्वर्थ संज्ञांविषयी, आणि इंग्रजीत ‘सायझिंग’ व ‘सिलेक्शन’ हे दोन शब्द जोडशब्दासारखे उच्चारले जाऊन त्यांतील दुसरा पहिल्याची केवळ छाया होऊन बसला आहे, त्या सवयीविषयी.

एक उदाहरण तपशिलाने पाहिले असता हे स्पष्ट होईल. औष्णिक विद्युत् केंद्रात बॉयलरला पाणी पुरविणाऱ्या पंपातून काही किमान प्रवाह सतत चालू राहणे आवश्यक असते, नाहीतर पंप तापून बिघडतो. संच कमी भारावर असताना यासाठी काही पाणी बॉयलरकडे न जाता मागे डीएरेटरच्या टाकीकडे वळविले जाते. या वळणावरची झडप ही संपूर्ण केंद्रातील अत्यंत खडतर जागांपैकी एक आहे. समजा, झडपेपूर्वीचा दाब १८० बार, नंतरचा १० बार, पाण्याचे तापमान १६० अंश सेल्सियस आणि प्रवाह तासाला १०० घनमीटर आहे. दोन्ही दाब निरपेक्ष धरले आहेत. १६० अंशांना पाण्याचा बाष्पदाब सुमारे ६.१८ बार असतो व सापेक्ष घनता सुमारे ०.९१.

पाठ्यपुस्तकातील पहिले सूत्र सांगते, की सापेक्ष घनतेला दाबफरकाने भागावे, त्याचे वर्गमूळ काढावे आणि प्रवाहाने गुणावे. दाबफरक १७० बार घेतला तर केव्ही ७.३ येतो. परंतु हे सूत्र येथे जसेच्या तसे लागू नाही. झडपेतील सर्वांत अरुंद जागी वेग वाढतो, दाब उतरतो; तो बाष्पदाबाच्या खाली गेला की पाण्यात वाफेच्या पोकळ्या होतात, आणि एका मर्यादेनंतर पुढील दाब आणखी कमी केला तरी प्रवाह वाढत नाही. ही मर्यादा काढण्यासाठी झडपेचा ‘एफएल’ नावाचा गुणक वापरतात. ग्लोब जातीच्या झडपेला तो ०.९ धरला, तर उपयोगी पडणारा दाबफरक सुमारे १४१ बार एवढाच भरतो. त्यावरून केव्ही ८.० येतो.

७.३ आणि ८.० यांत अंतर किती? शेकडा दहाच्या आसपास. झडपा ठराविक मापांतच मिळत असल्याने दोन्ही उत्तरांतून बहुधा एकच झडप पुढे येईल. म्हणजे हिशेबात चूक करणारा आणि न करणारा, दोघेही एकाच दुकानातून एकच वस्तू घेऊन येतील, आणि ती वस्तू साधी असेल तर दोघांचीही सारखीच खराब होईल. ज्या घटनेमुळे पोलादाचे पृष्ठ खंगर विटेसारखे खडबडीत होऊन जाते ती घटना या अंकात केवळ ०.७ इतकीच उमटते.

याहून बोलका प्रकार पुढेच आहे. समजा, पाणी डीएरेटरकडे न पाठविता कंडेन्सरकडे सोडले आणि झडपेनंतरचा दाब १० बारऐवजी ०.१ बार झाला. प्रवाह आधीच मर्यादेला पोचलेला असल्यामुळे हिशेबात घ्यावयाचा दाबफरक तोच, १४१ बार. केव्हीही तोच, ८.०. आणि तरीही या दोन अवस्था एकमेकींच्या जवळजवळ उलट आहेत. पहिल्या अवस्थेत पोकळ्या निर्माण होतात आणि पुढे दाब पुन्हा चढल्यामुळे मिटतात. मिटताना धातूजवळ सूक्ष्म पण तीव्र आघात होतात. यावर उपाय म्हणजे दाब एकदम न उतरविता अनेक टप्प्यांनी उतरविणे, जेणेकरून कोठेही तो बाष्पदाबाच्या खाली जाणार नाही. १७० बारचा उतार एकाच टप्प्यात घेतला तर पाण्याचा वेग ढोबळमानाने सेकंदाला १९० मीटरपर्यंत जातो. सोळा समान टप्प्यांत विभागला तर त्याच्या चतुर्थांश. दुसऱ्या अवस्थेत मात्र दाब बाष्पदाबाच्या वर परत येतच नाही. वाफ झाली ती झाली. तेथे टप्पे कितीही केले तरी वाफ टळणार नाही, कारण तिचे कारण झडपेत नसून पुढच्या नळीतील दाबात आहे. तेथे झीज होते ती वाफेबरोबर धावणाऱ्या थेंबांमुळे, आणि पृष्ठ खडबडीत न होता उलट घासून चकचकीत झाल्यासारखे दिसते. उपाय म्हणजे प्रवाहाला मोकळी वाट देणे, कोनाकृती झडप शक्य तितकी टाकीच्या तोंडाशी बसविणे, झीज सोसणारा मिश्रपोलाद वापरणे. एकाच अंकामागे दोन वेगळ्या विकृती आणि दोन वेगळे उपचार उभे आहेत, आणि अंक त्यांविषयी काहीही सांगत नाही.

तो वेगाविषयीही सांगत नाही. केव्ही ८.० इतकी क्षमता सामान्यतः २५ मिलिमीटरच्या ग्लोब झडपेतही मिळू शकते. पण तासाला १०० घनमीटर पाणी २५ मिलिमीटरच्या तोंडातून न्यावयाचे तर सेकंदाला ५६ मीटर वेग लागेल, आणि असा वेग सोसणे पाण्याच्या कोणत्याही नळीकडून अपेक्षिता येत नाही. ८० मिलिमीटरच्या तोंडातून तोच प्रवाह सुमारे साडेपाच मीटर वेगाने जातो. यास्तव मोठ्या शरीरात मुद्दाम लहान वाट असलेली झडप घ्यावी लागते. मग या झडपेचे ‘माप’ कोणते म्हणावयाचे? इंग्रजी ‘साइझ’ हा शब्द शरीराच्या मापालाही लागतो आणि क्षमतेच्या निश्चितीलाही. मराठीत ‘मापन’ हा प्रतिशब्द योजला तर घोटाळा दुप्पट होतो, कारण मापन म्हणजे असलेली गोष्ट मोजणे. येथे मोजावयाचे काही नसून ठरवावयाचे आहे. ‘क्षमतानिश्चिती’ हा शब्द लांब असला तरी निदान तो दुसरे काही करीत असल्याचा आव आणीत नाही. ‘माप’ हा शब्द मग शरीराच्या व्यासासाठी मोकळा राहतो, आणि ‘निवड’ ही तिसरी, स्वतंत्र क्रिया म्हणून उभी राहू शकते.

आता अन्वर्थ संज्ञांकडे वळावयास हरकत नाही. वर ज्या मर्यादेचा उल्लेख आला तिला इंग्रजीत ‘चोक्ड फ्लो’ म्हणतात. कोराडी, चंद्रपूर, परळी येथील केंद्रांत काय किंवा एखाद्या साखर कारखान्यात काय, मराठी कामगाराच्या तोंडी ‘चोक’ हा शब्द पूर्वीपासून आहे आणि त्याचा अर्थ निश्चित आहे. नळी चोक झाली म्हणजे ती तुंबली. आत गाळ, गंज वा कचरा अडकला. त्याला ‘झडपेत चोक्ड फ्लो आहे’ असे सांगितले तर तो ती उघडून साफ करावयास निघेल, आणि त्याच्या भाषेच्या दृष्टीने त्याचे काही चुकले असे म्हणता येणार नाही. वस्तुतः येथे काहीही अडकलेले नसते. प्रवाह त्या परिस्थितीत शक्य तितका कमाल चालू असतो. ‘रुद्ध प्रवाह’, ‘अवरुद्ध प्रवाह’ असे जे प्रतिशब्द सुचतात ते मूळ इंग्रजी रूपकाचे प्रामाणिक भाषांतर आहेत, आणि दोष त्या प्रामाणिकपणातच आहे. उसना शब्द ज्या वेळी भाषेत आधीच वेगळ्या अर्थाने स्थिरावलेला असतो त्या वेळी त्याचे संस्कृतीकरण करून सुटका होत नाही. रूपकच सोडावे लागते. ‘परमावधी प्रवाह’ असे म्हटले तर वस्तुस्थिती उलटी होण्याचा धोका उरत नाही.

‘कॅव्हिटेशन’ या संज्ञेचा दोष निराळा आहे. ती ‘पोकळी’ या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून झाली असून पोकळी होण्याचा बोध करून देते. परंतु नुकसान होते ते पोकळी होताना नव्हे, मिटताना. नाव जन्माचे आहे, घात मृत्यूच्या क्षणी होतो. म्हणूनच विद्यार्थ्यांच्या मनात कॅव्हिटेशन आणि ‘फ्लॅशिंग’ यांची गल्लत होते. दोहोंत वाफ होते, मग दोन नावे कशाला, असा त्यांचा प्रश्न असतो आणि पुष्कळदा तो अनुत्तरित राहतो. मराठीला येथे एक सोय आहे जिचा उपयोग केला गेलेला नाही. आपण बुडबुडा ‘फुटतो’ म्हणतो, पण फुटणे ही बाहेरच्या दिशेने होणारी क्रिया आहे. कमळ, डोळा, जखम, पिंजऱ्याची झडप ‘मिटते’. वाफेची पोकळी आत कोसळून नाहीशी होते, तिला ‘मिटणे’ हेच क्रियापद शोभते. पहिल्या अवस्थेस ‘पोकळी मिटणे’ व दुसरीस ‘वाफ टिकणे’ असे म्हटले तर दोहोंतील भेद नावातच सांगितला जातो, आणि उपाय का भिन्न आहेत हेही निम्मे समजून येते. अशी क्रियापदांतून घडलेली नावे परिभाषेच्या थाटात बसत नाहीत, असा आक्षेप येईल. तो शैलीचा आक्षेप आहे, अर्थाचा नव्हे.

‘प्रेशर रिकव्हरी’ ही संज्ञा तर स्वतःच्याच विरुद्ध चालते. अरुंद जागेनंतर दाब पुन्हा चढतो, त्यास रिकव्हरी म्हणावयाचे. या शब्दाला इंग्रजीत बरे वाटण्याचा, हरवलेले परत मिळण्याचा शुभ वास आहे. मराठीत ‘पुनःप्राप्ती’ म्हटले तरी तो जात नाही. ज्या झडपेत पुनःप्राप्ती अधिक ती अधिक चांगली, असे कोणासही वाटेल. बॉल व्हॉल्व्ह किंवा फुलपाखरी झडप अशाच जातीची. तिचा प्रवाहगुणांकही त्याच व्यासाच्या ग्लोब झडपेपेक्षा पुष्कळ मोठा असतो आणि किंमत कमी. पण जितकी पुनःप्राप्ती अधिक तितका मधल्या अरुंद जागी दाब अधिक खोल गेलेला, आणि तितक्याच जोराने पोकळ्या मिटणार. शिवाय या गुणाचे मापक जे एफएल, त्याचे इंग्रजी नाव ‘दाब-पुनःप्राप्ती गुणक’ असे असूनही त्याचा अंक पुनःप्राप्ती वाढली की लहान होतो. ग्लोब झडपेचा ०.९, बॉल व्हॉल्व्हचा ०.६ च्या आसपास. वरच्या उदाहरणात ०.६ घातला तर १७० बारपैकी केवळ ६३ बारच उपयोगी पडतात. नाव एका दिशेने आणि अंक दुसऱ्या दिशेने, अशी ही संज्ञा आहे. भर म्हणून, मेसोनीलनने याच गुणकाला ‘सीएफ’ म्हटले, तर फिशरने त्याच्या वर्गाला ‘केएम’ असे नाव दिले. एका जुन्या तक्त्यात ०.९ आणि दुसऱ्यात ०.८१ दिसले म्हणून दोन झडपा वेगळ्या ठरत नाहीत, पण तक्ता वाचणाऱ्याला हे कोणी सांगितलेले नसते.

सिग्मा या पोकळी-निर्देशांकाची कथा याच जातीची आहे, आणि येथे परिणाम अधिक गंभीर. अमेरिकन इन्स्ट्रुमेंट सोसायटीच्या १९९५ च्या शिफारशीत झडपेपूर्वीच्या दाबातून बाष्पदाब वजा करून त्यास दाबफरकाने भागले आहे. अन्यत्र हाच निर्देशांक झडपेनंतरच्या दाबातून बाष्पदाब वजा करून काढलेला आढळतो. दोन्ही उत्तरांत नेमका एकाचा फरक पडतो. आपल्या उदाहरणात पहिल्या रीतीने १.०२ आणि दुसऱ्या रीतीने ०.०२. आयईसी मानकाच्या आवाजविषयक भागात पहिल्याच राशीचा व्यस्तांक वापरला आहे. तेथे तीच अवस्था ०.९८ या अंकाने दिसते, आणि सिग्मा लहान झाला की धोका वाढतो तर हा अंक मोठा झाला की वाढतो. ‘सिग्मा एकाहून अधिक असावा’ असे वाक्य एखाद्या टिपणीत आले, तर ते अतिशय कडक बंधन आहे की निरर्थक आहे हे व्याख्या पाहिल्यावाचून सांगता येत नाही. पहिल्या व्याख्येनुसार ज्या झडपेत पाणी पाणीच राहून बाहेर पडते तेथे तो नेहमीच एकाहून अधिक असतो. कृत्रिम संज्ञेचा गुण वर सांगितला, पण तो तिला एकच सूत्रकार असेपर्यंतच टिकतो. पाणिनीच्या ‘घु’ला दुसरी व्याख्या देण्यास अष्टाध्यायीत दुसरे कोणी बसलेले नव्हते.

क्षुल्लक वाटणारा आणखी एक शब्द येथे दुर्लक्षून चालणार नाही, तो म्हणजे ‘निरपेक्ष’. दाबमापकावर दिसणारा दाब वातावरणाच्या दाबाच्या वरचा असतो. निरपेक्ष दाब त्याहून सुमारे १ बारने अधिक. १८० आणि १८१ यांत कोणी भेद करणार नाही. परंतु झडपेनंतरचा दाब माहितीपत्रकात नुसता ‘५.५ बार’ असा लिहिला असेल तर काय? तो मापकावरचा असल्यास निरपेक्ष दाब ६.५ होतो, बाष्पदाबाच्या वर. म्हणजे पोकळ्या मिटणार. तो निरपेक्षच असल्यास बाष्पदाबाच्या खाली. म्हणजे वाफ टिकणार. एका विशेषणाच्या अनुपस्थितीत कोणती झडप घ्यावी हाच निर्णय उलटतो. व्याकरणात ज्याला अध्याहार म्हणतात तो बोलण्यात शोभतो, माहितीपत्रकात नाही.

माहितीपत्रक हे या सर्व व्यवहारातील खरे महत्त्वाचे लेखन आहे, आणि त्याकडे लेखन म्हणून कोणी पाहत नाही. किमान, सामान्य आणि कमाल प्रवाहांसाठी त्यात वेगवेगळ्या जागा असतात. व्यवहारात कमाल प्रवाहाची जागा काळजीपूर्वक भरली जाते, उरलेल्या अंदाजाने किंवा रिकाम्याच. कमाल आकड्यातही प्रक्रिया आखणाऱ्याने थोडी भर घातलेली असते, पंप निवडणाऱ्याने थोडी, आणि झडप निवडणारा शेवटी वरच्या मापाची झडप घेतो. प्रत्येकाची भर ‘सुरक्षितता’ या एकाच शब्दाखाली मोडते, म्हणून ती कोणी कोणाला विचारीत नाही. परिणामी झडप आयुष्यभर जेमतेम किलकिली उघडून काम करते. वेगवान पाणी बैठकीवरून घासत जाऊन तेथे तारेने चरे पाडावेत तशी झीज होते, आणि नियंत्रण डोलत राहते. जी सुरक्षितता मागितली होती तिनेच झडप असुरक्षित केली.

‘अर्धी उघडी’ या साध्या शब्दप्रयोगाचीही येथे परीक्षा होते. पुष्कळ झडपा समटक्केवारी जातीच्या असतात. त्यांत दांड्याच्या प्रत्येक समान सरकण्याने चालू प्रवाह समान टक्क्यांनी बदलतो. कमाल व किमान नियंत्रणक्षम प्रवाहांचे प्रमाण ५० असेल, तर दांडा निम्मा वर आला असता अंगभूत क्षमता निम्मी नव्हे, केवळ शेकडा १४ असते. तेव्हा नियंत्रणकक्षातील ‘५० टक्के’ हा अंक आज्ञेचा, दांड्याच्या स्थितीचा की प्रवाहाचा? २८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेतील थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात दाब सोडणारी एक झडप उघडी राहून गेली. पॅनेलवरील दिवा झडपेची स्थिती दाखवीत नव्हता, तिला दिलेली आज्ञा दाखवीत होता. तो विझला, आणि झडप मिटली असे चालकांनी समजले. ती झडप नियंत्रक वर्गातील नव्हती व दुर्घटनेची कारणे अनेक होती. परंतु चिन्ह कशाचे आहे हे न सांगता ते पुढे ठेवले की काय होते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण.

मूळ ग्रंथांच्या मूल्यमापनाकडे परतल्यास, फिशरच्या पुस्तकाचे गद्य स्वच्छ व शिकविण्यास योग्य आहे. आरंभीच संज्ञांच्या व्याख्या देण्याची त्याची पद्धत अनुकरणीय आहे, आणि चौथ्या आवृत्तीत क्षमतेची समीकरणे ‘निवड’ या प्रकरणाच्या पोटात घेतली आहेत, हा क्रमही योग्यच. तथापि समीकरणे पायरीपायरीने सोडविता येतात आणि निवडीचा विचार तसा मांडता येत नाही, म्हणून वाचकाच्या हाती शेवटी समीकरणेच उरतात. आयईसीचे मानक रुक्ष आहे. पण ते आपली मर्यादा उघडपणे सांगते, की ही समीकरणे एकविध द्रवासाठी व वायूसाठी आहेत. गाळमिश्रित द्रव, अनेक घटकांचे द्विरूप प्रवाह, न्यूटनचा नियम न पाळणारे द्रव यांच्यासाठी नाहीत. मराठी वर्गटिपणांत या मानकातील सूत्रे उतरतात आणि मर्यादेचे वाक्य गळून जाते. दोहोंत श्रेष्ठ कोण असे विचारल्यास मानकाच्या बाजूने कौल द्यावा लागेल, मात्र ते त्या एका वाक्यासह वाचले तरच.

एका शब्दाचा निर्णय मात्र येथे राखून ठेवणे भाग आहे. झडपेच्या आतील बदलता येणाऱ्या भागांना, म्हणजे प्लग, सीट आणि पिंजऱ्यासारख्या नळकांड्याला, इंग्रजीत मिळून ‘ट्रिम’ म्हणतात. कठीण जागी झडपेची निवड म्हणजे मुख्यतः याच भागांची निवड. मराठी कामगार ‘प्लग-सीट’ असे म्हणून वेळ निभावतो, आणि जोवर दाब एकाच टप्प्यात उतरत होता तोवर ते पुरेसेही होते. सोळा टप्प्यांच्या रचनेत प्लग आणि सीट हे दोन भाग एकूण कामाचा लहानसा वाटा उचलतात. दाब उतरविण्याचे काम चकत्यांच्या चळतीत कोरलेल्या वळणावळणाच्या वाटा करतात. ‘अंतर्भाग’ हा शब्द फार ढोबळ, ‘गाभा’ हा आकर्षक पण अचल वस्तूचा बोध करून देणारा. कारखान्यातील बोलीत या चकत्यांना काय म्हणतात ते तेथे जाऊन टिपून आणल्यावाचून ‘ट्रिम’ला हात न लावणे बरे.